पेशकारांचा चहा

परवा फोनवर तुम्ही दोघं नोकऱ्यांबद्दल बोलत होता. नातू म्हणाला, त्याचा अर्ज आधी यंत्र वाचतं, मग कुणीतरी फोनवर चौकशी करतं, मग कामाचा नमुना मागतात, आणि शेवटी सगळे मिळून ठरवतात की हा आपल्यात मिसळेल का. नात पलीकडच्या बाजूची. ती माणसं निवडते. ती म्हणाली, "आजी, हल्ली सगळे उत्तरं पाठ करून येतात. खरं कोण बोलतंय तेच कळत नाही." तेव्हा मी हसले, आणि का हसले ते सांगितलं नाही. हेच वाक्य मी फार पूर्वी धाराशिवात ऐकलं होतं, काळी शेरवानी आणि खाली धोतर अशा वेशातल्या एका गृहस्थांच्या तोंडून. त्यांच्याबद्दल सावकाश लिहावं असं ठरवलं, म्हणून आज बसले आहे.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं त्यानंतरची ती वर्षं. पोस्टाच्या शिक्क्यावर उस्मानाबाद होतं, आमच्या तोंडात धाराशिव. कचेरीतली उर्दू जाऊन मराठी येत होती. गावात वरवर शांतता होती, पण कुणी कुणाचं सरळ ऐकून घेत नव्हतं. कालपर्यंत कोण कुणाच्या बाजूला होता, कुणी कुणाबद्दल काय सांगितलं, हे सगळ्यांच्या मनात असे आणि कुणाच्याच ओठावर नसे. रस्त्यात दोघं बोलत उभे राहिले की तिसरा चाल मंद करी.

अशा गावात मुलींची एक नवी शाळा निघाली आणि तिचे सेक्रेटरी झाले हे गृहस्थ. निजामाच्या काळात ते कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशापुढे खटल्याचे कागद ठेवणारे. निवृत्त झाले तरी गाव त्यांना पेशकारसाहेबच म्हणे. उर्दू-फारसी शिकलेले, घरात देवपूजा कडक, आणि उभा जन्म खोट्या साक्षी ऐकण्यात गेलेला. त्यामुळे कान असे झाले होते, की खरं बोलणं त्यांना संशयास्पद वाटे. "कसम खाऊन बोलला ना? मग खोटाच," असं म्हणायचे. आणि दुसरं, "कागद बोलत नसतो, बाई. कागदाला बोलवतात."

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या बाकीच्या सभासदांनी माणसं निवडायचं काम त्यांच्यावरच सोपवलं होतं. नाहीतर प्रत्येकाचा एकेक भाचा शाळेत शिकवायला आला असता.

त्यांच्या सवयी सांगते. पाणी प्यायचे ते घरून आणलेल्या तांब्यातलं, आणि त्या तांब्यावर फुलपात्र उपडं घालून वर रुमाल बांधलेला. ऑफिसातल्या कपाटाला दोन कुलपं. एकाची किल्ली शेरवानीच्या खिशात, दुसऱ्याची जानव्याला. भिंतीवरचं घड्याळ बघून झालं की खिशातलं बघत, आणि मग शिपायाला विचारत, "किती वाजले रे?" खुर्ची कायम भिंतीला लावलेली, पाठीमागे कुणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. तुमचे आजोबा तेव्हा तिथल्या कोर्टात नुकते वकिली करू लागले होते. ते म्हणत, "ह्यांना नुसता रामराम घातला तरी साक्षीदार मागतील."

उमेदवार आला की त्याला अंगणातल्या कडुलिंबाखालच्या बाकावर बसवत. त्या बाकावर सावली थोडा वेळच असे, मग ऊन येई. पेशकारसाहेब आतून जाळीतून बघत राहत. हा उठतो का, शिपायावर खेकसतो का, बाक सावलीत ओढतो का, की घामाघूम होऊन तिथेच बसतो. त्यावरून ते काय ठरवत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग आत बोलावून प्रमाणपत्रं खिडकीच्या उजेडात धरून बघत, जणू त्यातून शाईऐवजी माणूस दिसणार होता.

आणि चहा. कुणी शिफारशीची चिठ्ठी घेऊन आला, किंवा मुलाखतीत त्यांच्या मनातून उतरला, की ते मोठ्या अगत्यानं चहा मागवत. ज्याला नोकरी द्यायची त्याला पाणीसुद्धा विचारत नसत. कारण विचारलं तर म्हणाले, "ज्याला घ्यायचंय त्याला लाच कशाला? ज्याला परत पाठवायचंय त्याचं तोंड गोड करावं." हे गावात इतकं माहीत झालं होतं, की मुलाखत देऊन परतणाऱ्याला लोक हाक मारून विचारत, "काय पाव्हणं, चहा झाला का?"

मीही तिथे इंग्रजी शिकवायला अर्ज केला होता. मला त्यांनी चहा दिला नाही. मी हैदराबादेत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्याचे कागद त्यांनी उजेडात धरून पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणाले, "हैदराबादेत होतात. मुसी नदी गावाच्या बाहेरून जाते, नाही का?"

"नाही, गावाच्या मधून जाते."

"मी राहिलोय तिथं."

"मीही राहिले आहे."

"बरं. सोमवारी या."

एवढंच. मी घरी आले ती संशय घेऊनच. एवढ्या चिकित्सक माणसानं एका नदीवरून नोकरी दिली, म्हणजे ह्यात काहीतरी असणार. आजोबा म्हणाले, "तू त्यांना उलट उत्तर दिलंस, तरी दिली? मग नक्कीच काहीतरी आहे." आम्ही दोघांनी पुष्कळ तर्क केले. एकही बरोबर नव्हता.

खरं काय ते मला पुढे कळलं. शाळेला कारकून हवा होता आणि माकणीचा एक मॅट्रिक झालेला तरुण आला होता. इंग्रजी अर्ज वाचायला मला टेबलाशी बसवलं होतं. अक्षर मोत्यासारखं, हिशेब चोख. पेशकारसाहेबांनी सगळं पाहिलं आणि सहज म्हणाले, "माकणी म्हणजे मांजरेच्या काठचं, नाही का?"

माकणी तेरणेच्या काठावर आहे. धाराशिवात हे कुणालाही विचारा. तो तरुण एकदा माझ्याकडे बघून, एकदा जमिनीकडे बघून म्हणाला, "व्हय साहेब. मांजरंच्याच."

"चहा सांगा ह्यांना," पेशकारसाहेब म्हणाले.

तो गेल्यावर माझ्याकडे वळले. "बघितलंत? नोकरीसाठी ह्यानं नदी हलवली. उद्या माझ्यासाठी हजेरी हलवील."

म्हणजे माझ्या वेळची मुसीही तसलीच होती. ते स्वतः धडधडीत खोटं बोलत आणि समोरचा 'नाही' म्हणतो का, ते पाहत.

मला अभिमान वाटायला हवा होता, पण वाटला नाही. कारण बाहेर व्हरांड्यात तो तरुण मला भेटला. रडवेला झाला होता. "बाई, तेरणंत म्या पोहायला शिकलो. मला काय नदी ठाव न्हाय? पर थोरल्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? आमच्या बापानं तंगडं मोडलं असतं."

मी त्यावर विचार करत राहिले. मी कॉलेजात वादविवादाच्या सभांत वाढलेली. मला उलट बोलायला कुणीतरी शिकवलं होतं. ज्याच्या घरी चांगलं वळण लावलं, तो इथे नापास होत होता. मी हे पेशकारसाहेबांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "वळणदार माणसंच खोट्या साक्षी देतात, बाई. मालकानं सांगितलं म्हणून."

पुढे काय झालं ते नातीनं नीट वाचावं. माकणीच्या त्या तरुणानं आपलं दुःख मोटार स्टँडवरच्या हॉटेलात सांगितलं आणि युक्ती गावभर झाली. पुढचा उमेदवार आला तो कंबर कसूनच. पेशकारसाहेब म्हणाले, "या, बसा."

"न्हाय साहेब, तसं न्हाय," तो म्हणाला आणि उभा राहिला.

"ऊन फार आहे आज."

"न्हाय साहेब. गारवा हाय." वैशाख होता आणि त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

"तुमचं नाव अर्जात आहे तेच ना?"

तो गडबडला. हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. शेवटी म्हणाला, "साहेब, ते तुमीच ठरवा."

मी पदर तोंडाला लावला. पेशकारसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "पढवलेला साक्षीदार," ते म्हणाले. "सगळे आता उत्तरं पाठ करून येणार. खरं कोण बोलतंय ते कळायचं कसं?" खोट्या साक्षीदारापेक्षा पढवलेल्या साक्षीदाराचा त्यांना जास्त राग. खोट्यानं निदान खोटं स्वतः रचलेलं असतं, म्हणायचे.

त्यानंतर मेहरुन्निसा आली. ती माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. पांढरी सलवार, डोक्यावरून घट्ट ओढणी, बोलणं इतकं हलकं की पुढे वाकून ऐकावं लागे. तिचे वडील कचेरीत उर्दू नकला लिहून देत. कागद मराठीत गेले आणि त्यांचं काम गेलं. ती स्वतः उर्दू शाळेत मुलींना गणित शिकवायची. ती शाळाही ओस पडत चालली होती. शेजारच्या सोनारणीकडून तिनं मराठी लिहायला-वाचायला शिकून घेतलं होतं. ही नोकरी लागली नाही तर सगळं बिऱ्हाड गुलबर्ग्याला मामाच्या घरी न्यायचं ठरलं होतं. "मामूंच्या दारात आम्ही किती दिवस पाहुणे राहणार, बाई?" असं तिनं मला बाकावर बसल्याबसल्या सांगितलं. ऊन आलं तरी ती हलली नाही. बाक ओढून घेण्याचं तिच्या मनातसुद्धा आलं नसावं.

आत पेशकारसाहेबांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "तुमचे वडील तहसिलीत वसुलीला होते, नाही का?"

तिच्या वडिलांनी वसुली कधी केली नव्हती, आणि हे पेशकारसाहेबांना तिच्याइतकंच ठाऊक होतं. पण हॉटेलातली ती गोष्ट तिच्या घरापर्यंत पोचली नसावी. ती मान खाली घालून म्हणाली, "जी."

"चहा सांगा," पेशकारसाहेब म्हणाले.

मला राहवलं नाही. ती गेल्याबरोबर मी म्हणाले, "साहेब, तुम्ही तिला घेणार नाही, हे आधीच ठरलं होतं ना?"

"का बरं?"

"ते मी कशाला सांगू? गावात जे बोलतात ते तुमच्याही कानावर असेलच. मुसलमानाची मुलगी मराठी शाळेत कशाला म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, मी सगळ्यांवर सारखाच संशय घेतो. त्यात भेद केला असा माझ्यावर आळ आणू नका."

खरं सांगते, मला ते पटलं नाही. त्या वर्षांत कुणाचंच पटत नसे. मी हट्ट धरला, की मुलाखत बाजूला ठेवा, तिला वर्गावर एक पाठ घेऊ द्या. शिकवायला घ्यायचं तर शिकवताना बघा. ते म्हणाले, "ठीक. उद्या."

दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात ते शेवटच्या बाकावर, अर्थात भिंतीला टेकून, बसले. मी दारात उभी. मेहरुन्निसा गुणाकार शिकवत होती. फळ्याकडे वळली की तिचा आवाज बदले. तो सगळ्यांना ऐकू जाई. तिनं सात आठे छप्पन्न लिहिलं, तोच मागून आवाज आला.

"बाई, चुकलं. सात आठे चोपन्न."

मेहरुन्निसाचा हात फळ्यावरच थांबला. मग ती म्हणाली, "जी."

संपलं, असं मला वाटलं. पण ती मुलींकडे वळली होती. "साहेबांनी आपल्याला कोडं घातलं आहे. पाट्या घ्या. सात ओळी काढा, एकेका ओळीत आठ आठ टिंबं. बघू या कुणाची किती होतात."

पाट्यांवर पेन्सिली कुरकुरू लागल्या. थोड्या वेळानं ओरडा सुरू झाला, "छप्पन्न! बाई, छप्पन्न!" पहिल्या रांगेतली एक गोरीपान मुलगी मात्र उभी राहून म्हणाली, "माझी चोपन्न झाली."

"चोपन्न कशी?"

"आधी छप्पन्नच व्हती. दोन पुसली. साहेब म्हणले म्हणून."

मेहरुन्निसा तिच्याजवळ गेली, खाली वाकली आणि तिच्या पाटीवर दोन टिंबं परत काढून दिली. "मोजून आलेलं पुसायचं नाही, बेटा. साहेब आपली परीक्षा घेत होते."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पेशकारसाहेब उठले आणि मला म्हणाले, "ऑफिसात या."

ऑफिसात त्यांनी दार लावलं, खुर्ची भिंतीला नीट लावली आणि विचारलं, "तिला कुणी पढवलं?"

"कुणी नाही."

"काल ती जी म्हणते. आज कोडं म्हणते. 'साहेब परीक्षा घेत होते' म्हणते. हे तिला एका रात्रीत कसं सुचलं? मुलाखतीतली युक्ती गावाला ठाऊक आहे, पण वर्गातही मी तेच करीन हे कुणाला कळणार? तुम्हाला. पाठ घेऊ द्या असा हट्ट कुणी धरला? तुम्ही."

त्यांचं म्हणणं कागदावर मांडलं तर अगदी बरोबर दिसत होतं.

"ती म्हणते, तुम्हीच सांगितलंत."

क्षणभर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मुलांनो, संशय असाच लागतो. मनात आलं, गरजू आहे, घाबरली असेल, माझं नाव घेतलं असेल. मग ध्यानात आलं की वर्गातून आल्यापासून त्यांनी तिला गाठलेलंच नव्हतं. हे मुसी नदीसारखंच होतं. मी म्हणाले, "ती असं म्हणणार नाही."

"बघू. बोलावतो."

आणि तेव्हा मी घाबरले. ती असं म्हणणार नव्हती, हे खरं. पण त्यांनी तिला विचारलं असतं, बाईंनी सांगितलं ना, तर ती काय म्हणाली असती? 'जी.' वडीलधाऱ्यांना तिचं तेच एक उत्तर होतं. तिची नोकरी गेली असती, आणि पढवणारी म्हणून माझीही. तिला खूण करायचीही सोय नव्हती. केली असती तर तोच पुरावा झाला असता. मी हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

ती आली. उभीच राहिली. पेशकारसाहेबांचा आवाज कोर्टातला झाला. "ह्या बाईंनी तुम्हाला काल सांगून ठेवलं होतं, की मी वर्गात खोटं बोलणार. खरं ना?"

मी खिडकीबाहेरचं काहीच बघत नव्हते.

"नाही साहेब," ती म्हणाली.

ते पुढे झुकले. "बाईंनी स्वतः कबूल केलंय. आत्ता, माझ्यासमोर."

मी दचकून वळले. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत संशय असता तर मला चाललं असतं, मीही तेच केलं होतं. पण तो नव्हता. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाई आपल्या अदबीखातर कबूल झाल्या असतील, साहेब. मोठ्यांपुढं आम्ही पुष्कळदा होतो. कालसुद्धा मी झाले, ती माझी बाब होती. पण बाईंवर बोल यायला नको. त्यांनी मला काही सांगितलं नाही. आपण मुलींची परीक्षा बघताय, असंच मला वाटलं. छप्पन्नला चोपन्न म्हणायचं आपल्याला दुसरं काय कारण असणार?"

पेशकारसाहेब तिच्याकडे बघत, मग माझ्याकडे बघत, मग दाराकडे, जणू कुणी तिसरा पढवणारा तिथे उभा असेल. शिपाई डोकावला. "साहेब, चहा आणू का?"

"नको," ते म्हणाले. "कुणी सांगितलं होतं तुला? जा." मग तिला म्हणाले, "सोमवारी या. गणित पाचवी ते सातवी."

ती बाहेर आली आणि व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसली. मला वाटलं, आनंदानं. मी पाठीवर हात ठेवला तर तिनं तोंड ओढणीत लपवलं.

"बाई, अब्बांच्या वयाच्या माणसाला मी तोंडावर नाही म्हटलं. दोनदा."

"अगं, म्हणून तर नोकरी लागली!"

"पण बोलले ना मी. अम्मीला कळलं तर?" ती उठली, ओढणी सारखी केली आणि मी अडवायच्या आत परत ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली. "साहेब, मी आपल्याला उलट बोलले. माफी असावी."

"माफी मागू नका," आतून आवाज आला. "मागितलीत तर मला पुन्हा पहिल्यापासून संशय घ्यावा लागेल. समजलं?"

"जी," ती म्हणाली.

पेशकारसाहेबांनी मान वर केली, तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं, आणि धोतराच्या सोग्यानं सावकाश चष्मा पुसायला घेतला.